सोबत किल्ली जोडली आहे

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तू ‘ठीक’ म्हणालीस, पण तुझ्या ‘ठीक’चा मला अनुभव आहे. आमचंही ठीक आहे, पाय सोडून. रविवारी मी बाबांना घेऊन डोंगर चढून आले. (लिफ्टची देखभाल करणाऱ्या बाईने दिवसभर पायी चढावं, यावर ऑफिसात व्हायचे ते विनोद होऊन गेले आहेत. तुझे राखून ठेवलेस तरी चालेल.)

कारण सांगते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना स्पष्ट सांगितलं की समोरचं नीट दिसतं आहे, कडेचं मिटत चाललं आहे, तेव्हा गाडी चालवणं बंद करा. घरी येताना गाडी चालवता चालवता बाबांनी मला याचा सारांश सांगितला: ‘जरा जपून चालवा म्हणाल्या.’ मी तपासणीच्या खोलीत त्यांच्या शेजारीच बसले होते, हे ते विसरले असावेत. तेव्हापासून किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात असते आणि मी विषय काढला की ते टायरमधली हवा बघायला खाली जातात. म्हणून मी जिथे टायर नसतात अशी जागा शोधली.

जाताना अर्थातच गाडी त्यांनी चालवली. कडेचं मी बघत होते, मोठ्याने. (सायकलवाला. कुत्रा. परत सायकलवाला.)

आयुष्यभर लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाबरोबर चालणं म्हणजे काय, ते तुला बहीण असूनही माहीत नसेल. ते माझ्या मागून चालत होते. कोणी भराभर चढत आलं की ‘आरसा बघ, साइड दे.’ वळण आलं की ‘आधी वेग कमी, मग वळ.’ उतार लागला की त्यांचा पाय माझ्यासाठी ब्रेक दाबायचा. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा ना, तो पाय अजून निवृत्त झालेला नाही. मी वाटेतल्या पहिल्या बाकावर विषय काढायचं ठरवलं होतं, पण तिथे एक जोडपं भांडत होतं. दुसऱ्या बाकावर बाबाच माझ्या चपलांबद्दल बोलायला लागले. (चपला नव्हत्या, बूट होते.) तिसरा बाक येण्याआधी त्यांनी जाहीर केलं की तू फार रेंगाळतेस, पुढे मी चालतो.

त्या वाटेवर कडेच्या दगडांना पिवळा रंग मारलेला आहे, त्या खुणा धरून चालायचं. वाट चिंचोळी, दोन्ही बाजूंना झुडपं आणि बाबांची पाठ तुला माहीत आहे, तिच्यापलीकडचं काही दिसत नाही. बराच वेळ मला एकही रंगवलेला दगड दिसला नाही. खूण कुठे आहे असं विचारलं तर म्हणाले, ‘ही काय समोर, पिवळीधमक.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘या भागात खुणा चांगल्या जवळजवळ मारल्यात.’ मग ते चालण्याचा वेग वाढवायला लागले. मी वाकून त्यांच्या कोपराखालून पाहिलं तर पुढे पिवळं जाकीट घातलेल्या एक बाई. त्या खाजगी कामासाठी वाट सोडून आडोसा शोधत निघालेल्या, आम्ही मागे. त्या भराभर, आम्ही भराभर. शेवटी त्या थांबल्या, वळल्या आणि आम्ही कुठपर्यंत येणार आहोत ते त्यांनी विचारलं. बाबा अतिशय सभ्यपणे म्हणाले, ‘बाई, आम्ही फक्त खुणेच्या मागे आहोत.’ त्यांनी स्वतःकडे पाहिलं. मी एका झाडाकडे पाहिलं.

नंतर एका खडकावर बसून बाबांनी उकडलेलं अंडं फार सावकाश सोललं. मग म्हणाले, ‘तू मला परीक्षेला आणलंयस.’ मी नाही म्हटलं. ‘इतकी वर्षं पोरं परीक्षेला नेली. शेजारी बसून परीक्षा घेणाऱ्याचं तोंड मला कळतं. नापास ना?’

माझं भाषण तयार होतं, मुद्देसूद. पण मी एवढंच म्हणाले, ‘लिफ्टचं दार नीट लागलं नाही तर मी लिफ्ट बंद करते, बाबा. आत कोण आहे ते बघत नाही.’

त्यांनी अंडं संपवलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. तिला मीठ लागलं होतं.

खाली आलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. अर्ध्या गावाला गाडी बाबांनी शिकवली आहे, मला नाही. (तीन धडे झाले होते. त्यानंतर बोलणं चालू ठेवायचं की धडे, हे दोघांनी मिळून ठरवलं.) तेव्हा गाडी पायथ्याशी राहिली आणि आम्ही बसने आलो. बाबा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला आरसा बघायला सांगत होते.

तेव्हापासून ते दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालतात. मधेच हात खिशाकडे जातो. मलाही एका जागी बसवत नाही. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांचे स्क्रू माझे आवळून झाले आहेत. किल्ली डब्यात ठेवली, मग पुस्तकामागे, मग माझ्या बुटात. तिन्ही वेळा ते आधी तिथेच जाऊन उभे राहिले. म्हणून ती तुझ्याकडे पाठवते आहे.

तुझी भाची

ता. क. खरं काम हे, की तुझ्या मुलाला ही किल्ली देऊन गाडी आणायला पाठव आणि तूही चार दिवस ये. जगात बाबा एकट्या तुला घाबरतात.

ता. क. २. मुलाला पाठवू नकोस. पत्र तसंच ठेवून कामावर गेले होते, संध्याकाळी येऊन पाकीट चिकटवायला घेतलं तर गाडी दारात उभी दिसली, भिंतीला अगदी समांतर. दुसरी किल्ली असणार, हे निदान लिफ्टच्या प्रत्येक किल्लीची जोडी ठेवणाऱ्या माझ्यासारखीला सुचायला हवं होतं. गाडीचा एका बाजूचा आरसा नाही. बाबा हात धुऊन पेपर वाचत बसले आहेत. मी विचारलेलं नाही.

ता. क. ३. पाकीट जाड लागेल, कारण आता किल्ल्या दोन आहेत. दुसरी बाबांनी आत्ता स्वतः आणून टेबलावर ठेवली. म्हणाले, ‘ताईला पाठवतेयस ना, हीपण घाल. आरसा कुठे गेला ते मला कळलं नाही.’ आणि परत खिडकीशी जाऊन उभे राहिले.

तू ये. बसने ये.