लार्मांदींच्या कपाटातलं पाऊल

व्हेर्नाड,
४ एप्रिल २०१३

ती. ताईस,
अनातोलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लव्हेंडरची जुडी, दोन्ही पोचली. वासामुळे पोस्टमनने माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू सत्तरीत मला कुणी प्रेमपत्र धाडलंय. मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

नदीपल्याड आलुबुखाराच्या बागा फुलल्यात. वसंतावरची ती पाठांतराची कविता मी चाळीस वर्षं पोरांकडून घोकून घेतली. पोरं खिडकीबाहेर बघायची आणि मी डाफरायचो. आता वर्ग नाही, पोरं नाहीत. खिडकीबाहेर बघणारा एकटा मी. पोरांचंच बरोबर होतं म्हणायचं.

बातमी अशी, की लार्मांदी गुरुजींच्या शिल्पशाळेचं अखेर संग्रहालय होतंय. बोर्दोहून सोलीन नावाची अठ्ठावीस वर्षांची मुलगी कारभार बघायला आलीय. मला ‘मास्तर’ म्हणते आणि गाढवासारखी राबवते. परवा कपाटं झाडताना सगळ्यात मागे, गोणपाटात गुंडाळलेलं एक प्लास्टरचं पाऊल सापडलं. उजवं, घोट्यापर्यंत, कुणा तरुण मुलीचं. कातडीवरची रेघन्‌रेघ त्यात उमटलेली. ते पाहून सोलीन मटकन खुर्चीत बसली.

का ते तुला सांगायला नको. तू चार महिने त्यांच्यापुढे अनवाणी उभी होतीस, म्हणून तर पुलाजवळच्या चौकात आज ब्राँझची ‘धुणेकरीण’ उभी आहे. नजरेने बघायचं आणि मातीत घडवायचं, हा त्यांचा धर्म. जिवंत अंगावर प्लास्टर ओतून छाप उचलणारा शिल्पकार म्हणजे शेजारच्याच्या वहीतून कविता उतरवणारा पोरगा. सत्तावन्न साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्राने नेमका हाच आळ ‘धुणेकरणी’वर घेतला, आणि त्यानंतर गुरुजींनी पॅरिसला एकही मूर्ती पाठवली नाही. माझ्या हातून प्लास्टर कधी जिवंत कातडीला लागलेलं नाही, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले.

आणि आता हे पाऊल! अठरा मे रोजी पॅरिसहून तज्ज्ञांची समिती येतेय. त्यांनी मान डोलावली तरच संग्रहालय उघडणार. तेव्हा मी एक केलं. सोलीन फोनवर असताना पाऊल पावाच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. सध्या ते अक्रोडांच्या टोपलीमागे आहे. ते कुठे गेलं असं तिने विचारलं, तेव्हा मी छताकडे पाहिलं.

काय करू ते कळव. रागावलीस तरी चार पानं भरून रागाव.

तुझा,
अनातोल

तुलों,
९ एप्रिल २०१३

चि. अनातोल यास,
ताईचे अ. उ. आ.

जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलंस आणि म्हातारपणी पाय चोरलास? शाबास.

ते पाऊल नदीत टाकून दे. कुणाला काही सांगू नकोस. इथे सगळं ठीक आहे.

ताई

व्हेर्नाड,
१५ एप्रिल २०१३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाऊल टाकलं नाही. उलट शनिवारी, भर बाजारात, पिशवी घेऊन चौकात गेलो आणि ‘धुणेकरणी’च्या पावलाशेजारी धरून पाहिलं. चीजवाल्या बाईने हाक मारून विचारलं की मास्तर, बाईंना नव्या चपला घेताय का. लोक हसले, मीही हसलो. पण सगळं जुळत होतं. तोच उंच तळवा, तेच अंगठ्याहून लांब दुसरं बोट. ताई, पाऊल तेच आहे. म्हणजे गुरुजी आयुष्यभर खोटं बोलले.

तेरा वर्षांचा असताना मी त्यांच्या मातीवर पाणी शिंपायचो. ओल्या फडक्याखालची मूर्ती मला झोपलेल्या माणसासारखी वाटायची. कुजबुजत बोलायचो तिच्याजवळ. त्यांच्याकडे बघूनच मला वाटलं होतं, की काहीतरी मन लावून करावं माणसाने. मला मूर्ती घडवता आल्या नाहीत, म्हणून पोरं घडवायला गेलो.

पण आणखी एक गोष्ट खटकतेय. एका माशाच्या कालवणावर चार पानं लिहिणारी तू, आणि यावेळी चार ओळी? बाजारात टोमॅटो कसे आहेत तेही नाही! चाळीस वर्षं निबंध तपासलेत मी. पोरगं थोडक्यात आटपतं ते काहीतरी लपवायचं असतं तेव्हाच. ते पाऊल तुझं आहे, हे मला कळलं. बाकीचं तू सांग.

तुझ्या चार ओळींनी उपाशी राहिलेला,
अनातोल

तुलों,
२२ एप्रिल २०१३

चि. अनातोल यास,
अ. उ. आ.

मास्तरकी हाडांत मुरलीय तुझ्या. घे तर मग. टोमॅटो महाग आहेत.

गुरुजी खोटं बोलले नाहीत. त्या पावलाला त्यांचा हातही लागलेला नाही. ते फिर्मांने काढलं.

फिर्मां आठवतो? मातीच्या मूर्तीवर प्लास्टरचा साचा घेणारा, कानामागे कायम पेन्सिल खोवलेला. ‘धुणेकरीण’ जुलैत पुरी झाली, साचा त्यानेच घेतला. ऑगस्टमध्ये त्याला अल्जीरियाच्या लढाईसाठी लष्कराचं बोलावणं आलं. आमचं लग्नाचं ठरलं होतं. घरात कुणाला माहीत नव्हतं. बाबांना साचेवाला जावई चालला नसता.

सप्टेंबरअखेर, जायच्या आदल्या दिवशी, गुरुजी दुपारी जेवून लवंडले असताना, त्याने माझं पाऊल मागितलं. मी म्हटलं, फोटो ने की. तर म्हणाला, फोटो पिवळा पडतो. मी पाय पुढे केला. प्लास्टर आधी गार लागतं, मग हळूहळू ऊन होतं. साचा सुटला, त्यात त्याने पाऊल ओतून बाहेर काढलं, एवढ्यात गुरुजी दारात! असे ओरडले की कबुतरं उडाली. तीस वर्षं जपलेलं नाव तुम्ही दोघं एका दुपारीत मातीत घालाल, फोडून टाकतो ते, म्हणाले. फिर्मां न नेताच गेला. फेब्रुवारीत तो तिकडे डोंगरात मारला गेला. पाऊल फुटलं असंच मी सत्तावन्न वर्षं धरून चालले.

पुढे ओगुस्त भेटला. भला माणूस, पावासारखा ऊबदार. त्याला मी हे सांगितलं नाही. क्लोदीनलाही नाही. आपला बाप आईचा पहिला नव्हता, हे लेकीला या वयात कशाला कळायला हवं?

खात्री हवी तर अंगठ्याचं नख बघ. तो जायच्या थोडं आधी, सप्टेंबरात आलुबुखारं तोडताना, माझ्या पायावर खोकं पडलं आणि नख मधोमध चिरलं. आजही तसंच आहे. ‘धुणेकरीण’ त्याआधीच पुरी झाली होती. तिचं नख शाबूत असेल.

आता तुला कळलं. तेवढ्यावरच ठेव.

ताई

व्हेर्नाड,
२७ एप्रिल २०१३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पाऊल उलटं केलं. आतल्या पोकळीत पेन्सिलीच्या टोकाने कोरलंय: २३ सप्टेंबर ५६, फि. आणि नख चिरलेलं आहे. ‘धुणेकरणी’चं अख्खं आहे. दोन्हीकडे बोटंच बघत बसलो होतो मी मूर्ख.

पण ताई, तुझ्या लक्षात आलं का? सत्तावन्न साली त्यांच्यावर आळ आला तेव्हा हे पाऊल त्यांच्याच कपाटात होतं. कुणी नुसतं कपाट उघडलं असतं, तर ते संपले असते. फोडायला हातोडा हाताशी होता. त्यांनी ते फोडलं नाही. मरेपर्यंत सतरा वर्षं गोणपाटात जपून ठेवलं, कारण त्या पोराच्या हातचं ते शेवटचं काम होतं. पाठांतराच्या अख्ख्या वहीत याच्या तोडीची ओळ मला सापडली नाही.

सोलीनपुढे चोरी कबूल केली. तिने आधी मला झापलं, मग मिठी मारली. पण ती म्हणते, कोरलेल्या तारखेवर समिती विश्वास ठेवणार नाही. तारीख काय, कुणीही कोरेल. माणूस हवा. मी म्हटलं, माझी बहीण येणार नाही, आणि तिचं नाव मी घेणार नाही. न घेतल्याने संग्रहालय बुडालं तर बुडू दे. हे मी मनापासून लिहितोय. तू सत्तावन्न वर्षं जपलंस, ते अठरा तारखेला चव्हाट्यावर मांडणारा मी कोण?

येऊ नकोस म्हणत नाही, ये म्हणत नाही.

तुझा लोभ असाच राहो, मग पत्र चार ओळींचं का असेना.

अनातोल

तुलों,
२१ मे २०१३

चि. अनातोल यास,
ताईचे अ. उ. आ.

मी आणि क्लोदीन सुखरूप पोचलो. तुझ्या बदकाच्या डब्याने गाडीभर तेल सांडलं.

तो पॅरिसचा टक्कल पडलेला विद्वान अजून डोळ्यांपुढून जात नाही. सत्तरी उलटलेल्या बाईने समितीसमोर मोजा काढला, तेव्हा आधी त्याने छताकडे पाहिलं (तुझाच चुलतभाऊ शोभला असता) आणि मग गुडघ्यावर बसून, भिंग लावून, माझं नख असं न्याहाळलं की ओगुस्तने लग्नाआधीसुद्धा माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. उठताना त्याचे गुडघे कडकडले. बाई, मूर्ती वेगळी आणि हे पाऊल वेगळं, म्हणाला, आणि वहीत सही केली. सोलीन रडत होती. तूही, पण तू सर्दीचं कारण दिलंस.

पाऊल घरी नेता का, असं तिने विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. साचेवाल्यांची नावं कुठे लिहीत नाहीत. गुरुजींच्या मूर्तींवर गुरुजींचं नाव, ओतणाऱ्या कारखान्याचं नाव. फिर्मांचं कुठे आहे? त्या एका पावलाखाली त्याचं नाव पूर्ण लिहा, एवढंच मागितलं.

क्लोदीन मागे भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. गाडीत बसताच तिने रेडिओ मोठा केला. मला वाटलं, झालं, लेक गेली हातची. तूलूझ मागे पडलं तेव्हा तिने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, की आई, दिसायला कसा होता ग तो?

अनातोल, थेट तुलोंपर्यंत मीच बोलत होते.

पुढचं पत्र लांबलचक असेल, चष्मा पुसून ठेव.

तुझी,
ताई