जैसलमेरला भरलेली ओटी

४ जानेवारी, रविवार

काल संध्याकाळी रेडमंडला घरी पोचलो. बाहेर पाऊस. आम्ही गेलो तेव्हाचाच अजून संपलेला दिसत नाही. बॅगा हॉलमध्ये पडून. मिलिंदने बूट झटकून त्यातली वाळू काढली, तीही बाहेर नाही, किचनमध्ये.

डोकं जेट लॅगने बधिर, तरी विसरायच्या आत लिहून ठेवते. पुण्यातले आठ दिवस नेहमीचे, रोज कुणाकडे तरी जेवण आणि मग ओव्याचा अर्क. पण जैसलमेरचे चार दिवस! लांबून किल्ला दिसला तेव्हा निहारने फोनमधून मान वर काढली आणि म्हणाला, "व्होआ." एकोणतीस वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांनी आईबापाबरोबर ट्रिपला आला. मला ते "व्होआ" पुरलं.

टेकडीवर किल्ला आणि किल्ल्यात अख्खं गाव. चार दरवाजे ओलांडत चढायचं. फरशी इतकी गुळगुळीत की मी मि.चा दंड सोडला नाही. वर खरोखरची माणसं राहतात. वाळत घातलेले कपडे, शाळेची मुलं, गल्लीच्या मधोमध गाय. आम्ही उतरलो तेही अशाच एका घरात. वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. विमलाभाभी, त्यांचे यजमान आणि मुलगी कंचन, तेवीस वर्षांची. बुकिंग तीच बघते, किल्लाही तीच दाखवते.

नि. स्ट्रक्चरल इंजिनिअर, त्यामुळे त्याला राजवाड्यापेक्षा भिंतींत मुरणाऱ्या पाण्यात रस. घराघरांत नळ आले, त्यांचं सांडपाणी टेकडीत मुरतं, बुरूज खचतात. कंचनला हे सगळं तोंडपाठ. लोक गच्चीवर सूर्यास्त बघत होते आणि हे दोघं गटारं. तीन तास!

निघताना मी विमलाभाभींची ओटी भरली. नारळ, तांदूळ, पुण्याहून आणलेला ब्लाउजपीस. कंचन शेजारीच उभी, तिला तशीच कशी सोडायची? कुमारिकेची भरतातच की. तिचीही भरली. विमलाभाभी एकदम रडायलाच लागल्या. यजमान धावत आत गेले आणि नारळ आणून नि.च्या हातात दिला, टिळा लावला, सगळ्यांच्या तोंडात गूळ. किती मायाळू माणसं!

७ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी विमलाभाभींचा व्हिडिओ कॉल. सुखरूप पोचलात ना, थंडी किती, वगैरे. मग, "निहारजी ने खाना खाया?" म्हटलं, तो सिॲटलला वेगळा राहतो, खाल्लं असेल. त्यांचा चेहरा पडला. "अकेले?"

तिथे असताना नुसतं "निहार" म्हणत होत्या. "जी" कधीपासून?

मि. म्हणाला, "राजस्थानी लोक मांजरालासुद्धा जी म्हणतात."

१० जानेवारी, शनिवार

विमलाभाभींच्या व्हॉट्सॲप स्टेटसला मी! कंचनच्या पदरात, म्हणजे ओढणीत, नारळ घालताना. भोवती गुलाबांची चौकट, मागे सनईचे सूर. पुढच्या फोटोत शेजारणी पेढे खाताहेत. त्याच्या पुढच्यात नि.चा एकट्याचा फोटो, टिळा लावलेला, हातात नारळ, चेहऱ्यावर बावळट हसू.

गेस्ट हाउसची जाहिरात असेल का? पण मग पेढे कशाला?

१२ जानेवारी, सोमवार



क्लिनिकमध्ये लंच ब्रेकला रेखाला स्टेटस दाखवलं. रेखा जयपूरची, आमच्याकडे बिलिंग बघते. म्हटलं बघ गं, किती हौशी लोक. तिने फोटो मोठा करून पाहिला. मग मला विचारलं, "शुभा, बेटे की सगाई की और बताया भी नहीं?"

मी हसले. ती हसली नाही.

तिच्याकडे मुलाच्या आईने मुलीच्या पदरात नारळ आणि कापड घातलं की ती गोद भरली. म्हणजे मुलगी आमची झाली. त्यावर मुलीच्या बापाने मुलाच्या हातात नारळ दिला, टिळा लावला की व्यवहार पक्का. "अब बाकी क्या रहा? बारात?" आणि वर म्हणते, "मलमास में कौन करता है ये सब! उन्होंने सोचा होगा अमेरिकावाले हैं, छुट्टी में ही आएँगे." (मलमास म्हणजे त्यांच्याकडे संक्रांतीपर्यंतचा महिना, शुभकार्य वर्ज्य.)

म्हटलं, आमच्यात पाहुणचार झाला की निघताना कुणाचीही भरतात. रेखा म्हणाली, "ये उनको बोला था?"

नाही बोलले. का बोलेन? ओटी भरताना कुणी खुलासा करतं का?

जेवणानंतर तीन पेशंटना चुकीच्या वेळा दिल्या.

१३ जानेवारी, मंगळवार

मि.ला सांगितलं. आधी पोट धरून हसला, मग, "तू नेहमीच अति करतेस."

मी? आदल्या दिवशी जेवताना गोत्र कुणी सांगितलं? त्यांनी विचारलं आणि याने छाती फुगवून सांगितलं. नि.चं शिक्षण, नोकरी, घर स्वतःचं आहे हे, जन्म कुठला, वेळ किती. भाभींनी वहीत लिहून घेतलं तेव्हा म्हणे याला वाटलं, पोलिसांच्या रजिस्टरसाठी! जन्मवेळ? पोलिसांना?

त्याने माझा फोन पुढे सरकवला. मग म्हणाला, "आत्ता फोन लाव आणि सांगून टाक. गैरसमज झाला, सॉरी."

लावला. विमलाभाभींनी मला बोलूच दिलं नाही. बिकानेरच्या स्थळाला त्यांनी परवा नकार कळवला म्हणे. दोन वर्षं मागे लागले होते ते लोक. "अब चैन मिला बहनजी. मलमास ख़त्म होते ही पंडितजी को दिखाएँगे."

मी "जी, जी" म्हणून फोन ठेवला. माझं हिंदी भाजी घेण्यापुरतं. या कामाला ते कसं पुरणार?

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

नि. जेवायला आला. गुळाची पोळी ताटात पडल्यावर सांगितलं.

"वेट. सो आय ॲम एंगेज्ड?"

मि. म्हणाला, टेक्निकली हो. दोघे हसले. मीही हसले, रडू येण्यापेक्षा बरं. मग नि. एकदम थांबला.

"डज शी नो?"

मला माहीत नव्हतं. हे दोन दिवस मी भाभींचा विचार केला, लोकांचा केला, आमच्या अब्रूचा केला. त्या पोरीला काय वाटलं असेल हे डोक्यातच आलं नाही. लाज वाटली.

नि. म्हणाला, "डोन्ट डू एनीथिंग येट, आई." मग पोळी न संपवता फोन घेऊन बाहेर पोर्चमध्ये गेला. थंडीत पंधरा मिनिटं. परत आल्यावर विचारलं, कुणाशी बोलत होतास? तर म्हणे कंचनशी मेसेज चालू असतात, आल्यापासून. ड्रेनेजबद्दल.

मि. माझ्याकडे बघतोय, मी मि.कडे.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी कंचनचा फोन, तिच्याकडे रात्रीची जेवणं उरकली होती. घराच्या गच्चीवरून बोलत होती, वाऱ्याचा आवाज इतका की दर वाक्य दोनदा विचारावं लागत होतं.

"आंटी, मैं उसी वक़्त समझ गई थी. माँ रोई तब. और ये भी समझ गई थी कि आप लोगों को कुछ पता नहीं है."

मग बोलली का नाहीस?

गच्चीचं दार लावल्याचा आवाज आला. मग सगळं सांगितलं. बिकानेरच्यांना लग्न याच हिवाळ्यात हवं होतं, आणि पुढे शिकायचं नाही. अहमदाबादला जुन्या इमारती जपण्याचा कोर्स आहे, प्रवेशपरीक्षा मे महिन्यात. घरी दोनदा विषय काढला, दोनदा वडील उठून गेले. आता मात्र तेच म्हणताहेत, मुलगा इंजिनिअर आहे, पढ लेगी तो अच्छा लगेगा. पुस्तकंसुद्धा त्यांनीच आणून दिली. "आपने मना कर दिया तो फिर वही बिकानेर. थोड़े दिन रहने दीजिए, आंटी. मई तक."

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. खरंच नाही. "अभ्यास कर" असं काहीतरी म्हणाले.

फोन ठेवला आणि राग आला. आम्हाला काय वापरतेस गं, माझ्या मुलाचं नाव घेऊन? मग तासाभराने तो रागही टिकला नाही. तेवीस वर्षांची असताना मला विचारल्याशिवाय माझं लग्न ठरलं होतं. तेव्हा असा एखादा चुकीचा नारळ माझ्या पदरात पडला असता तर मीही गप्प बसले असते. (मि.ने हे वाचू नये. त्याचा दोष नाही.)

२१ जानेवारी, बुधवार

मि. ठाम. "खोटं ते खोटं. जितके दिवस जातील तितकी त्या माणसांची फसवणूक जास्त. मेमध्ये मोडलं तर गावात तिचं काय होईल, विचार केलास?"

बरोबर बोलतो.

नि.ला फोन केला. सरळ विचारलं, तुला ती आवडते का?

"आय लाइक टॉकिंग टु हर. आय डोन्ट नो व्हॉट दॅट इज, आई."

म्हटलं, नक्की काय ते सांग, मला पुढे बोलायचंय.

"बट आय डोन्ट नो!" मग मराठीत, जे तो क्वचितच बोलतो, "तू घाई नको करू. ती पण मला हेच म्हणते. आधी एक्झाम."

तोही बरोबर बोलतो. कंचनही. असं कसं सगळेच बरोबर?

२४ जानेवारी, शनिवार

दिवसभर घर पुसलं. कोपऱ्याकोपऱ्यातून अजून वाळू निघते. बारीक, पिवळी.

२८ जानेवारी, बुधवार

विमलाभाभींचा मेसेज. पंडितजींनी दोन मुहूर्त काढलेत, एक एप्रिलचा, एक नोव्हेंबरचा. रविवारी यजमान स्वतः मि.शी बोलतील.

म्हणजे रविवारी काय ते सांगावंच लागणार. मि. म्हणतो, मी सांगतो, तू नुसती शेजारी बस. मी हो म्हटलं.

३१ जानेवारी, शनिवार

मि.ने आज चहा पिताना सहज विचारलं. "शुभा, खरं सांग. ओटी भरताना तुझ्या मनात काहीच नव्हतं?"

म्हटलं, छे! निघायची गडबड, मनात काय असणार?

इथे तरी खरं लिहावं. भाभींना जो ब्लाउजपीस दिला तो देण्याघेण्याचा, पुण्यात डझनभर घेतले होते त्यातला. कंचनला दुसरा दिला. जांभळा, पैठणीच्या काठाचा. तो माझ्या आईने जाण्याआधी माझ्याकडे दिला होता, "निहारच्या बायकोला" म्हणून. अकरा वर्षं कपाटात होता. या वेळी पुण्यात मॅचिंग साडी मिळते का बघायला मुद्दाम बॅगेत टाकला होता. त्या सकाळी बॅगेत साधे पीस वरच होते, पाच-सहा तरी. मी ते बाजूला सारून खालून हा काढला.

का काढला? हाताला लागला म्हणून काढला असं म्हणवत नाही. ठरवून काढला असंही म्हणवत नाही. आदल्या संध्याकाळी दोघं गटारात वाकून काहीतरी दाखवत होती एकमेकांना, आणि नि. हसत होता. घरी तो असा हसत नाही. एवढंच डोळ्यांसमोर होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बरोबर आठला फोन आला. मि.ने स्पीकरवर टाकला, घसा साफ केला, "देखिए भाईसाहब, एक छोटी-सी..." इथपर्यंत पोचला.

पलीकडून ते म्हणाले, "पहले बहनजी से एक बात पूछनी है."

मि.ने फोन माझ्याकडे सरकवला. कंचनचे वडील कमी बोलणारे, चार दिवसांत माझ्याशी चार वाक्यं बोलले नसतील. म्हणाले, गल्लीतले लोक म्हणताहेत की मराठी लोकांत अशी गोद कुणाचीही भरतात, त्याला काही अर्थ नसतो. कुणीतरी मुंबईला राहून आलंय, त्याने सांगितलं. मी कुणाचं ऐकणार नाही, फक्त तुमचं ऐकेन. "आपने उस दिन समझकर किया था ना?"

किती सोपं होतं. त्यांनीच दार उघडून दिलं होतं, नुसतं "नहीं जी" म्हणायचं. मि. मान हलवत होता, सांग, सांग. मागे भांड्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. तिथे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे हे मला इथे कळत होतं.

मी म्हटलं, "हाँ जी. समझकर किया था."

मग भीती वाटून भराभर बोलत सुटले. पण आमच्याकडे घाई करत नाहीत. मुलीने आधी शिकायचं. परीक्षा, मग कोर्स, दोघांनी एकमेकांशी बोलायचं, आणि कुणाचंही मन नसेल तर कुणी कुणाला दोष द्यायचा नाही. एप्रिल नको, नोव्हेंबर नको. हिंदी कुठून आलं कुणास ठाऊक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपने कपड़ा देखकर दिया था, मेरी घरवाली ने उसी दिन कहा था. ठीक है. पढ़ेगी."

फोन ठेवला. मि.ने तो उचलून चार्जिंगला लावला. मग, "शुभा, तू खोटं बोललीस."

बोलले का? तेच तर मला कळत नाहीये. सकाळपासून चारदा विचार करून झाला, दर वेळी उत्तर वेगळं येतं.

नि. सहाला जेवायला येतोय. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. भात लावलाय.