मोठ्या सिस्टर खोटं बोलत नाहीत

४ फेब्रुवारी, मंगळवार

मिरीला दाखल केलं. सात नंबरची खाट, खिडकीजवळची. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी — हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक आहे, ते शिवायचं. आठ वर्षांची पोर, दिसते पाचची. म्हणून मिरी. तिखटही तेवढीच.

आज मात्र माझी फजिती झाली. सलाईनची सुई लावायची होती. मी आपलं सवयीने म्हटलं, "काही दुखत नाही गं, मुंगी चावल्यासारखं वाटेल." सुई टोचली आणि मिरीने असा टाहो फोडला की अख्खा वॉर्ड उठून बसला. त्यात शीर सापडली नाही. पुन्हा टोचायची वेळ आली तेव्हा मोठ्या सिस्टर आल्या. सगळे त्यांना मोठ्या म्हणतात, उंचीने वॉर्डात सगळ्यात बुटक्या त्याच. खाटेच्या कडेला टेकल्या आणि मिरीला म्हणाल्या, "हे दुखणार आहे. वीस मोजेपर्यंत दुखेल, मग कमी होईल. रडलीस तरी चालेल. हात तेवढा हलवायचा नाही."

हे काय पोरीला सांगायचं झालं? माझं डोकंच फिरलं. पण मिरी मोजायला लागली. चौदाला सुई लागलीसुद्धा. मग तिने माझ्याकडे पाहिलं. सुईकडे नाही, माझ्याकडे.

५ फेब्रुवारी, बुधवार

सिस्टरची तक्रार लिहायला घेतली. तक्रारीतलं मला कळतं — वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीवर बारा वर्षं बसतेय. "माणूस निघालाय." "संध्याकाळपर्यंत येतील लाइट." दिवसातून शंभरदा म्हणते. माणूस निघालेला नसतो. कधीकधी पाठवायला माणूसच नसतो. पण समोरचा शांत होऊन घरी जातो. लहान मुलांच्या दवाखान्यात तरी एवढं गोड बोलायला यांचं काय जातं?

मुद्दा एक : रुग्णास घाबरवले.

मुद्दा दोन सुचेना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मुद्दा दोन शोधायला दिवसभर मोठ्या सिस्टरवर नजर ठेवून होते.

पोटाला हात लावायच्या आधी स्वतःच्या मानेवर हात चोळून गरम करतात. चिकटपट्टी ओढून काढत नाहीत, कोमट पाणी लावत बसतात. समोरच्या खाटेवर चार वर्षांची छोटी आहे. तिला विचारलं, "पोट तपासू?" ती म्हणाली, "नाही." तर ही बाई उभीच! एवढी कामं पडलेली, आणि त्या पोरीचं "बरं" येईपर्यंत तिथे उभी.

दुपारी माझ्याकडे वळल्या. "कालपासून जेवला नाहीत तुम्ही. ताट झाकून ठेवलंय. आधी अंघोळ, मग जेवण. मी बसते हिच्याजवळ." म्हटलं, तुमची ड्यूटी संपली ना? "संपली, म्हणून तर बसता येतंय."

तक्रारीच्या कागदाची मिरीने होडी केली. केली तर केली.

८ फेब्रुवारी, शनिवार

मिरीने माझ्यादेखत मोठ्या सिस्टरना विचारलं, "ऑपरेशनला बाबा येतील ना?" सिस्टर म्हणाल्या, "ते आईलाच विचारायचं," आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी म्हटलं, "जहाजावरून सुट्टी मिळाली की निघतील हं."

इथे तरी खरं लिहावं. बाबा जहाजावर नाही. दीड वर्षापूर्वी आम्हाला सोडून गेला, दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडलाय. जहाज मी काढलं, पोरीची समजूत घालायला. त्याला ऑपरेशनचं कळवलं तेव्हा उत्तर आलं, "काय होईल ते कळव." झालं. माणूस निघालेला नाही आणि निघणारही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शंभरातली अठ्ठ्याण्णव मुलं धडधाकट घरी जातात. मी उरलेल्या दोघांचाच विचार करत बसले.

मिरीला म्हटलं, "तू बरी होशील."

"डॉक्टर म्हणतात की तू म्हणतेस?"

"दोघंही."

तिने नुसतं "हं" केलं. माझ्याच दुकानातला माल, गिऱ्हाईक कसं बघतं ते मला कळतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी जाहीर झालं — "बाबा आल्याशिवाय मी आत जाणार नाही." ताट ढकललं. गोळी थुंकली. डॉक्टर म्हणाले, उद्याची वेळ गेली तर पुढची दीड महिन्याने, आणि तेवढं थांबणं हिच्या हृदयाला झेपणारं नाही.

दादा आला होता. माझा भाऊ, डोकं नेहमीच सुपीक. म्हणाला, "मी फोनवरून बाबा म्हणून बोलतो." त्याचा आवाज म्हणजे कुकरची शिट्टी! मिरीने "हॅलो"लाच "काय रे मामा" म्हटलं असतं. तरी मी पाच मिनिटं खरंच विचार केला. इतकी वेळ आली होती.

शेवटी मोठ्या सिस्टरना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी मला नावं ठेवली नाहीत. म्हणाल्या, "गुंगीचं औषध देऊन नेता येईल, तशीही नेतो मुलांना. पण शुद्धीवर आल्यावर हा प्रश्न असणारच. तेव्हा छातीला टाके असतील, हुंदके झेपायचे नाहीत."

"तुम्ही सांगता का तिला?"

"नाही. मी तुमच्याजवळ उभी राहते."

चार वाजता सांगितलं. बाबा जहाजावर नाहीत. आपल्याला सोडून गेलेत. उद्या येणार नाहीत. मी खोटं बोलले. एवढंच. सिस्टरचा हात सारा वेळ माझ्या पाठीवर होता. मिरी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडली नाही. मला वाटलं, संपलं, आता ही माझ्यावर कधी विश्वास ठेवणार नाही.

सहा वाजता उठली आणि गोळी मागून घेतली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साडेआठला नेली. स्ट्रेचरवर स्वतःच चढली. दारापाशी विचारलं, "तू इथेच बसशील?"

"इथेच. मध्ये एकदा बाथरूमला जाऊन येईन."

हसली!

पावणेदोनला डॉक्टर बाहेर आले. भोक बंद झालं. सगळं नीट झालं. मी तिथेच जमिनीवर बसले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नळ्याच नळ्या. पण ओठ गुलाबी! आठ वर्षांत पहिल्यांदा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उद्या घरी. वॉर्डाच्या दाराशी अभिप्रायाची वही टांगलेली आहे. मोठं काहीतरी लिहायचं होतं, तीन ओळी खोडल्या. शेवटी लिहिलं : "इथे माझ्या मुलीशी कुणी खोटं बोललं नाही. तिला विचारल्याशिवाय कुणी हात लावला नाही. मला जेवायला घातलं. मी आयुष्यभर ऋणी आहे." अक्षर वाकडं आलं.

मोठ्या सिस्टरना तोंडी सांगायला गेले तर नुसती रडले. त्यांनी मला खुर्ची दिली. रडून होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "महिनाभर जिना हळू चढू द्या तिला. आणि जड दप्तर नको." त्या बाईंवर माझा इतका जीव जडलाय की काय सांगू. तक्रार पाठवली नाही, नशीब माझं.

२ मार्च, रविवार

मिरीचे केस विंचरत होते. सहज म्हणाली, "बाबांचं मला माहीत होतं. तू मामाशी फोनवर बोलत होतीस ना, तेव्हाच ऐकलं. खूप दिवस झाले."

मी विचारलं, मग बाबा आल्याशिवाय जाणार नाही म्हणून हट्ट कशाला केलास?

"तू सांगतेस का ते बघायला. मोठ्या सिस्टरना मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, आईला थोडा वेळ दे." मग पुढे म्हणाली, "आणि तू सांगितलंस. म्हणजे मी बरी होणार म्हणालीस, तेही खरंच असणार ना? म्हणून गेले मी आत."