सायबिणीची दुसरी रात्र

खुरसावाडी, ता. मालवण
दि. ३ ऑक्टोबर २०२४

येशू, मरिया, जोजेफ यांची कृपा.

चि. ॲश्लिन हिस व्हडलीमायचे अ. उ. आ.

तुझे पत्र परवा पोचले. पुण्यात रुग्णालयातील पाळ्या एकसारख्या बदलतात व जेवणाची वेळ राहत नाही, हे वाचून काळजी वाटली. माझी जी नात इतरांच्या तोंडात वेळेवर औषध घालते, तिने आपल्या तोंडात वेळेवर घास घालू नये, हा कोणता न्याय? माझे कान आता पूर्णच संपावर गेले आहेत. तुझे पप्पा रविवारी मस्कतहून फोन करतात. मी हो हो म्हणते आणि मागाहून कळते की त्यांनी प्रश्न विचारला होता. म्हणून पत्रच बरे. पत्र मोठ्याने बोलावे लागत नाही.

हळवे भात कापून झाले. पलीकडची नर्मदा आपल्या शेताच्या कुणग्यातली पहिली पेंडी घेऊन आली आणि तिच्या देवाला दाखवण्याआधी दोन कणसे माझ्या आल्तारावर, घरच्या वेदीवर, ठेवून गेली. मी म्हटले, बाई, तुझा मान तुझ्या देवाला आधी. त्यावर ती म्हणते कशी, तुझो देव वाटेर आसा, माझो घरात. जाता जाता वाटेरच्याक आधी. धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाला हे उत्तर सुचले नसते. दात्याचे आभार मानावेत, तेही पीक खळ्यात येण्याआधी, अशी माझी समजूत आहे. ती तिने न शिकता पाळली.

बाकी विशेष नाही. या महिन्यात सायबिणीची फेरी सुरू झाली. मरियामातेची ती दीड वितीची लाकडी मूर्ती एकेका घरी एक रात्र वस्ती करते आणि दुसऱ्या सांजेस त्याच घरचे माणूस तिला हातांत घेऊन पुढच्या उंबरठ्यावर पोचवते. लहानपणी तू पुढे मेणबत्ती धरून चालायचीस. चर्चच्या, आपल्या इगर्जीच्या, दारावर यादी लागली आहे. या वर्षी तीत आपल्या घराचे नाव नाही. यादी लावणाऱ्या जासिंतला विचारले, तर म्हणाला, एकट्या मनशाक त्रास कित्याक गो. बावन्न वर्षांत प्रथमच असे झाले. असो. देवाच्या घरी यादी वेगळी असते.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझी
व्हडलीमाय

०

पुणे
दि. ९ ऑक्टोबर २०२४

ती. व्हडलीमाय हिस सा. न. वि. वि.

आधी बेसांव दे, आशीर्वाद दिलास की मग रागाव. तुझे पत्र वाचून मी खोलीतल्या मैत्रिणीला, सारिकाला, तावातावाने ऐकवले. तिला अर्धे कळले नाही, तरी तीही चिडली. एकट्या माणसाला त्रास होतो म्हणून यादीतून वगळायचे? उलट ज्या घरात कोणी नाही तिथेच सायबीण आधी जायला हवी. बाकीच्या घरी टीव्ही आहे, सुना आहेत, भांडणे आहेत. तुझ्याकडे वर्षातून एक रात्र लादिनीच्या प्रार्थनेला माणसे जमतात, उकडलेल्या चण्यांवरून मुले धक्काबुक्की करतात, तेवढीसुद्धा यांना जास्त वाटली! वाडीत लॅटिन लादीन पुस्तक न उघडता म्हणणारी तू शेवटची आहेस, हे जासिंतमामाला कोणी सांगायचे?

तू विचारणार नाहीस, मला ठाऊक आहे. शाळेत तीस वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवून तू एकच गोष्ट शिकली नाहीस, मागणे. म्हणून मी आजच त्यांना पत्र लिहिले आहे. रागावू नकोस. जरा तिखट लिहिले आहे.

जेवते आहे वेळेवर. म्हणजे, जवळजवळ.

तुझ्या मायेची कायमची धनी,
ॲश्लिन

०

खुरसावाडी
दि. १४ ऑक्टोबर २०२४

चि. ॲश्लिन हिस जासिंतमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तिखट नव्हते, मिरचीच होती. मी एसटीत अठ्ठावीस वर्षे कंडक्टर होतो, याहून वाईट ऐकले आहे. पण वाडीत माझ्या नावाने बोंब होऊ नये म्हणून खरे काय ते कळवतो. हे तुझ्या व्हडलीमायला सांगू नकोस.

गेल्या वर्षी ११ ऑक्टोबरला सायबीण तुमच्या घरी आली. दुसऱ्या सांजेस ती शेजारच्या मेल्विनाकडे जायची होती. मेल्विनाचा झील केव्हिन जहाजावर जायचा होता. त्याची गाडी १३ च्या सकाळची. जहाजावर चढण्याआधी एक रात्र सायबीण घरात असावी म्हणून त्याने रजा जुळवून घेतली होती. मेल्विनाने चणे भिजत घातले होते. आणि सांजेस तुझ्या व्हडलीमायने निरोप धाडला, पाय मुरगळला, उद्या आणते. आपली रीत तुला माहीत आहे, ज्या घरातून निघायची त्या घरच्याच माणसाच्या हाताने सायबीण निघते. मी तरी काय करणार! केव्हिन सकाळी तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी मी बघतो तर बाई चांगली चालत होती. मी एकट्यात विचारले. तेव्हा म्हणाली, नात एक दिवस उशिरा येते असे कळले होते, तिला सायबीण बघायला मिळावी म्हणून ठेवली. तू काय आली नाहीस.

तेव्हापासून मेल्विना बोलत नाही. या वर्षी सरळ म्हणाली, तिच्या हातसून माका सायबीण नको. म्हणून मी तुमचे घर सोडून तुमच्या अलीकडच्या जेरीच्या घरून थेट मेल्विनाकडे अशी यादी लावली आणि त्रासाचे निमित्त सांगितले. मधला थांबा रद्द केला म्हण. मला तेव्हा बरे वाटले, आता वाटत नाही. मेल्विनाकडे सायबीण २६ तारखेला आहे.

कळावे, आणि राग निवळला तर तसेही कळवावे.

तुझा
जासिंतमामा

०

पुणे
दि. १८ ऑक्टोबर २०२४

ती. व्हडलीमाय हिस सा. न. वि. वि.

जासिंतमामांनी सांगू नकोस म्हणून लिहिले होते, पण हे मला पोटात ठेवता येत नाही. गेल्या वर्षी मी अकराला येते म्हणाले, मग बाराच्या रात्री म्हणाले, आणि बाराला एका मैत्रिणीची पाळी घेतली. तुला मेसेज केला, तो तू नर्मदेकडून उघडून घेऊन वाचलास. पुढचे तू मला कधीच सांगितले नाहीस. वर्षभर मेल्विनाआंटी तुझ्याशी बोलत नाही आणि मी इथून तुला जेवणाचे फोटो पाठवते आहे.

मला आता निघता येत नाही. नाताळापर्यंत रजा नाही, मागून पाहिली. मेल्विनाआंटीला मी लिहू का? चूक माझीच होती. काय करू ते तू सांग, मी तसेच करीन.

तुझी
ॲश्लिन

०

खुरसावाडी
दि. २८ ऑक्टोबर २०२४

येशू, मरिया, जोजेफ यांची कृपा.

चि. ॲश्लिन हिस व्हडलीमायचे अ. उ. आ.

तुझे पत्र चार वेळा वाचले. तू मेल्विनाला लिहू नयेस हे बरे. तू आली नाहीस, ही तुझी नोकरी. मी सायबीण रोखली, हे माझे पाप. दोहोंचा हिशेब एकत्र मांडू नये. आणि जासिंतला मी सांगितले तेही पुरते खरे नव्हते. तुझ्यासाठी ठेवली, हे निम्मे. बाराच्या सांजेस तू येणार नाहीस हे मेसेजवरून मला कळले होते. तरीही मी पाय मुरगळल्याचे सांगितले. आदल्या रात्री घरात वीस माणसे होती. ती गेल्यावरही आल्तारावर कोणीतरी आहे, असे वाटत राहिले. ते वाटणे मला आणखी एक रात्र हवे होते. केव्हिन सकाळी जाणार, हे मला ठाऊक होते. इतके मी कन्फेशनमध्येही पाद्रीसायबांना सांगितले नव्हते. तुझ्या पत्रानंतर सांगितले. ते म्हणाले, देवाने क्षमा केली, आता शेजारणीकडे जा. दुसरा भाग पहिल्याहून कठीण होता.

पंचवीस तारखेला गेले. मेल्विना अंगणात भात वाळवत होती. मी उभ्यानेच सर्व सांगितले. तिने हातातले खोरे ठेवले नाही. ती काय बोलली ते मला ऐकू आले नाही, म्हणून तिला जवळ येऊन माझ्या कानाशी ओरडावे लागले. क्षमा मागायला आलेल्या बाईवर कानाशी ओरडणे यापरते सोयीचे दुसरे काय! ती म्हणाली, माझ्या झिलाक तू रित्या घरातसून धाडलंस. वर्सभर दर्यात वादळ झाला की माका तुझा तोंड दिसायचा. मी म्हटले, दिसायलाच हवे होते. मग ती आणखी बरेच ओरडली आणि शेवटी थकून खाटेवर बसली. मी भात उलथत राहिले. ऊन होते, दाणे तापले होते.

काही वेळाने तिने फोन काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर केव्हिन होता. दाढी वाढली आहे, तब्येत बरी आहे. त्याचे शब्द मला कळले नाहीत. पण त्याने हात जोडले तेव्हा ओठांवरून एक शब्द कळला, बेसांव. मी दिला. पडद्यावर बोटाने क्रूस काढून दिला.

सव्वीसला मेल्विनाकडे लादिनीला गेले. म्हणायला मीच होते. मागच्या बाकावरची मुले, भक्ती आणि ओंकार, अडखळत अडखळत दोन ओळी माझ्याबरोबर म्हणाली. त्यांना शिकवायला हवे. चणे जरा कच्चे होते. हे तू कोणाला सांगू नकोस, सलोखा ताजा आहे.

आणि काल सांजेस सायबीण मेल्विनाकडून पुढे निघायची, तर ती माझ्या दाराशी आली. सायबीण मागे फिरत नाही, ही रीत तू जाणतेस. जासिंत मागून हात वर करून थांबवत होता, जशी काय बस उलट्या दिशेने निघाली. मेल्विना त्याला म्हणाली, रीत गेल्या वर्सा मोडलेली, ती आज सांदतंय. तू मेणबत्ती धर. तिने मला सांगितले की अर्ध्या तासासाठी आहे, वस्तीला नाही. यादीत नाव नाही ते नाही.

आल्तारावर मूर्ती ठेवली, नर्मदेची कणसे बाजूला होती. मी प्रार्थना केली. आभारांखेरीज मागण्यासारखे काही सुचले नाही. अर्धा तास झाला तेव्हा घड्याळ मीच पाहिले. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मी मूर्ती उचलली आणि मेल्विनाच्या हातांत दिली. तिने ती माझ्या हातून घेतली. फाटकापर्यंत गेले. मेणबत्त्या वळणावर दिसेनाशा झाल्या, तोवर उभी होते. मग आत येऊन दार लोटले. घर रिकामे होते. ते मी रिकामेच राहू दिले.

नाताळाला येशील तर मनापासून ये. पण कोणत्या दिवशी येशील ते आधी कळवू नकोस. दार उघडेन तेव्हा कळेल.

इथला आशीर्वाद मागे ठेवून घेतलेला नाही. सगळा तुझ्याकडेच धाडला आहे.

तुझी
व्हडलीमाय