पाच-नऊ नको, खरं सांग

प्रिय नाजी,

तू ब्राझीलला निघालास तेव्हा बाबांचा क्रिस्टलचा माइक माझ्या हाती देत म्हणाला होतास, "जप, मीना बंदराची खारी हवा खाऊन टाकेल त्याला." आतला स्फटिक मिठाच्याच जातीचा, दमट हवेत विरघळतो. म्हणून इतकी वर्षं मी तो बुलगुरच्या, भरडलेल्या गव्हाच्या, बरणीत पुरून ठेवला. तुझ्या मेहुण्याने, मित्रीने, एकदा शिजवायला बुलगुर काढताना त्याच्यावर डाव आपटला. तेव्हापासून म्हणतो, "तुझ्या माहेरचं सगळंच मेलं दाताखाली येतं."

नवा हॅम रेडिओ घेतला आणि त्याच्याच माइकवरून मी दर रविवारी हवेवर जमणाऱ्या आपल्या मंडळींत बोलले, तर तूच म्हणालास, "कोण बाई ही? विमानतळावरची घोषणा वाटतेय." मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. म्हणून बाबांचा माइक बाहेर काढला. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुझ्याशी त्याच्यातूनच बोलायचं, माझ्या खऱ्या आवाजात, एवढा एकच ध्यास घेतलाय.

पण उतावीळपणा आपल्या घराण्यातच मुरलेला. जुना माइक थेट नव्या रेडिओला जोडला आणि सुरू झाले. बैरूतचा फादी म्हणाला पाच-नऊ, सायप्रसचा यान्निसही म्हणाला पाच-नऊ. आपली रेडिओवाल्यांची जातच तशी. ऐकू येवो न येवो, समोरच्याला पाच-नऊ हा सगळ्यांत वरचा शेरा देऊन मोकळं व्हायचं. लग्नातल्या जेवणाला कोण नावं ठेवतं? मीही फुशारले. मित्री स्वयंपाकघरातल्या जुन्या रिसीव्हरवर ऐकत होता. आत येऊन म्हणाला, "अगं, डब्यात माशी अडकल्यासारखी गुणगुणतेयस. माझी बायको कुठाय?"

दोष माइकचा नव्हता. नव्या रेडिओची खाच कमी इम्पीडन्सच्या, म्हणजे कमी विद्युतरोधाच्या, माइकसाठी केलेली. आपला क्रिस्टल थेट तिला जोडला की त्याला तो भार पेलत नाही आणि आवाजातला सगळा खर्ज गळून जातो. मग दोघांच्या मध्ये एका ट्रान्झिस्टरची चिमुकली सर्किटची पाटी बसवली. तारांना डाख देताना स्फटिक बाजूला काढून ठेवला, त्याला उष्णताही सोसत नाही. पुन्हा बोलून पाहिलं. या वेळी मित्रीने रिसीव्हरचा आवाज वाढवला. मग दारात आला आणि म्हणाला, "ही माझी बायको."

हे हवेवर सांगता आलं नसतं, तिथे अर्धं जग कान लावून बसलेलं असतं. फोनवर तू रडशील, मग मीही. म्हणून शेजारच्या समीराच्या सुनेबरोबर पत्र पाठवतेय, ती रविवारच्या आधी तुमच्या सांतुसला पोहोचते. नाजी, माझ्या घशात गाठ आहे. त्या रविवारनंतर लगेच स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज राहणार नाही. मला भीती वाटते रे. त्या दिवशी मी खूप बोलेन, तू मध्ये तोंड घालू नकोस. आवाज माझा वाटला तर टेपवर धरून ठेव. नाही वाटला तर भाऊ म्हणून तोंडावर सांग, मी तिथल्या तिथे पुन्हा खटपट करीन. त्यानंतरच्या रविवारी मी मोर्सच्या किल्लीवर येईन. माझा हात फार हळू चालतो, तूही हळूच ये.

तुझीच,
विदाद