देवगडच्या कड्यावरून

चि. बेबीनंदास दादाचा मनापासून जयभीम. घरातल्या लहानथोरांनाही सांग.

आम्ही खुशाल आहोत. ज्योत्स्ना अन् जावईबापू समुद्राच्या काठाकाठानं गाडी चालवून राह्यले. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं. तुझी वहिनी असती तर आधी तिनं इथले डबे घासून घेतले असते. ती गेल्यापासून मी घरातच बसून होतो, म्हणून लेकीनं बळंच आणलं. दोन्ही वेळा बराबर जेवतो, काळजी करू नको. चव तेवढी कळत न्हाई.

तुझ्या मालकांचा गुडघा कसा आहे? केदारखेड्याला ऊन तापलं असेल, दुपारी शेतात जाऊ नको.

रोज सकाळी पायी फिरतो, दुर्बिणीतून पक्षी बघतो. "बाबा, दिसला का?" असं ज्योत्स्ना विचारते. न दिसताही मी दिसला म्हणतो.

काल कड्यावर गेल्तो. एक समुद्रगरुड लाटांकडं उतरला. त्याच्याकडं बघत मी चालतच राहिलो. लेकीनं मागून सदऱ्याला धरून जोरात ओढलं. पुढं जमीनच नव्हती, खाली नुसते खडक. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पण गेल्यावर मी हाक कुणाला मारू?"

बेबी, मला भीती वाटलीच न्हाई. हे तिला बोललो न्हाई, तुला सांगून राह्यलो. पण ती तिथंच खाली बसून रडली. तेव्हा कितीतरी दिवसांनी मला काहीतरी जाणवलं.

आज चालताना तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला न्हाई.

तुझा दादा,
साहेबराव