सरांचा हात, माझा गुडघा

सर,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मला तुमची आठवण प्रेमाने एकदाही आलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. आज लिहायला बसले ते एका भलत्याच माणसामुळे. मुलुंडला माझं छोटं क्लिनिक आहे, फरसाणच्या दुकानाच्या वर, दोन टेबलं आणि मध्ये एक पडदा. खेळाडूंच्या दुखापती, मसाज, व्यायाम, हेच माझं काम. आज सकाळी एक प्रशिक्षक पंधरा वर्षांच्या एका मुलीला घेऊन आला. मुलगी फुटबॉल खेळते. सोबत तिची आई होती. मुलीचा गुडघा टम्म सुजलेला, पाय टेकवताना ओठ घट्ट मिटत होती, आणि हा माणूस माझ्या टेबलावर बॅग आपटून म्हणतो, "मॅडम, जरा मोकळा करून द्या ना. रविवारी सेमीफायनल आहे. थोडा मसाज मारा, वरून टेप लावा, झकास पळेल ती." मी मुलीला झोपवलं, गुडघा वाकवला, नडगी दोन्ही हातांत धरून हलकेच पुढे ओढली. कपाटाचा सैल झालेला खण येतो तशी ती पुढे आली. आतला लिगामेंट गेलेला. मी म्हटलं, एमआरआय करा, रविवार विसरा. तो हसला. "तुम्ही लोक घाबरवता उगाच. आमच्या वेळी सर मालिश करायचे आणि आम्ही पळायचो." मी त्याला सांगितलं, आमच्या वेळीही एक सर होते, आणि तू आता बाहेर थांब.  मुलीची आई उठली, त्याची बॅग उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "ती नाही खेळणार. विषय संपला." मुलगी रडायला लागली. मी तिला सांगितलं की या वर्षी नाही, पण तू परत खेळशील. मग ती तिघं गेली. दुपारी दोन ते चार पेशंट नसतात. म्हणून हे कागद काढले.

भांडुपचं ते शाळेमागचं लाल मातीचं मैदान. संध्याकाळी साडेपाचला आम्ही पंचवीस-तीस मुली खो-खोला जमतो आणि तुम्ही वॉर्ड ऑफिसातून थेट येता. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, खांद्याला रेक्झिनची बॅग. बॅगेत शिट्टी, क्रेप बँडेजची गुंडाळी आणि तेलाची हिरवी बाटली. त्या तेलात काय आहे ते तुम्ही कोणाला सांगत नव्हता. पुढे माझं मलाच वासावरून कळलं, तिळाचं तेल आणि कापूर, दुसरं काहीही नाही. कोणाचा पाय मुरगळला की तुम्ही पायरीवर बसायचात, तिचा पाय मांडीवर घ्यायचात आणि अंगठा असा रुतवायचात की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. जी ओरडेल ती बटाटा. "हा बटाटा आज घरी पाठवा रे, याची भाजी करा." बाकीच्या हसायच्या. मीही हसायचे. एक कबूल करते, तुमचा हात कधी भलतीकडे गेला नाही. तुमच्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे. पण आमचं अख्खं क्रीडा मंडळ म्हणायचं, सरांच्या हातात जादू आहे. मुलींच्या आया स्वतःची कंबर घेऊन यायच्या, आणि तुम्ही मान तिरकी करून, नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याच्या थाटात, "हं, इथे धरलंय" म्हणायचात. एकदा कोणीतरी विचारलं, सर, हे शिकलात कुठे? तुम्ही म्हणालात, "अनुभव." अनुभव कोणाचा, सर? हाडं तर आमची होती.

मी सोळा वर्षांची होते. जिल्ह्याची निवड चार दिवसांवर आली होती आणि खांबावर सूर मारण्यात माझ्यासारखी दुसरी कोणी नव्हती, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरत होता. त्या संध्याकाळी मी सूर मारला, उठताना पाय मातीत अडकला आणि बाकीचं शरीर फिरलं. गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला. शेजारच्या चौकोनात बसलेल्या मुलीलासुद्धा तो ऐकू गेला. तुम्ही आलात, तेल ओतलंत, आणि अर्धा तास तो गुडघा कणीक तिंबावी तसा तिंबलात. मग एकदम नडगी धरून पिळलात. मी किंचाळले नाही. बटाटा व्हायचं नव्हतं मला. रात्रीत गुडघा दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही चहाच्या टपरीवरून उकळत्या पाण्याची किटली मागवली, फडकं बुडवून शेकलंत, पुन्हा तिंबलात. मी म्हटलं, "सर, चालताना गुडघा निसटतोय." तुम्ही वर न बघता म्हणालात, "गुडघा नाही निसटत. तू निसटतेयस. मनातून." घरी बाबांना सांगितलं. बाबा गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन होते. तुमच्यासारख्या कचेरीतल्या माणसासमोर त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. ते एवढंच म्हणाले, "सर सांगतत तसा कर. त्यांका आपल्यापेक्षा जास्त कळता." बिचारे बाबा. त्यांचा मला राग येत नाही. त्यांना खरंच वाटत होतं की तुम्हाला कळतं.

निवडीच्या दिवशी तुम्ही स्वतः क्रेप बँडेज बांधलंत, इतकं घट्ट की पोटरी निळी पडली. पहिला डाव मी कशीबशी काढला. दुसऱ्या डावात खो मिळाला, उठले, वळले, आणि मांडी एकीकडे, नडगी एकीकडे. मी तोंडावर पडले. तोंडात माती गेली. निवड समितीची माणसं खुर्च्यांतून उठून बघतायत आणि तुम्ही मैदानाबाहेरून ओरडताय, "ऊठ! नाटकं पुरे झाली!" मी उठले नाही तेव्हा तुम्ही आत आलात. मला वाटलं, उचलायला आलात. तुम्ही माझ्या बाजूने पुढे गेलात आणि पंचांना सांगितलंत, बदली खेळाडू घेतो. एवढंच. मला उचललं ते समोरच्या संघातल्या मुलींनी. त्यातल्या एकीने स्वतःच्या ओढणीने माझं तोंड पुसलं. तिचा संघ तो सामना जिंकला. मला आनंद झाला होता, सर. आजही होतो.

नंतर तुम्ही घरी आला नाहीत. चाळीतून मैदान दिसायचं, तुमची शिट्टी रोज ऐकू यायची, आणि तुम्हाला दोन जिने चढवले नाहीत. महिन्याभराने एका मुलीबरोबर भेट पाठवलीत, तेलाची नवी बाटली, वर निरोप, रोज चोळायला सांग. आईने ते तेल शिलाई मशीनला घातलं. मशीन बरी चालली. माझा गुडघा शेवटी महापालिकेच्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरांनी बघितला, तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं. लिगामेंट तुटलेला, त्यावर खेळल्यामुळे आतली गादीही फाटलेली. त्यांनी विचारलं, "ताज्या दुखापतीवर शेकून मालिश कोणी केली? कुठल्या गाढवाने?" आई माझ्याकडे बघत राहिली. आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? "आठवत नाही." तुम्हाला गाढव म्हणू द्यायलासुद्धा तेव्हा जीभ धजावली नाही. इतकं तुम्ही आम्हाला घडवलं होतं.

खेळ संपला. फिजिओथेरपीला प्रवेश घेतला तो मोठ्या ध्येयाने वगैरे नाही, खुन्नस म्हणून. पहिल्याच वर्षी पुस्तकात दोन ओळी सापडल्या: ताज्या सुजेवर शेक नको, चोळणं नको. दोन ओळी, सर. वॉर्ड ऑफिसात दिवसभर फायली वाचणाऱ्या माणसाला दोन ओळी वाचता आल्या नसत्या? मसाजवर माझा राग नाही. धावपटूची आखडलेली पोटरी, गोलंदाजाचा खांदा, तासन् तास खुर्चीत बसणाऱ्याची पाठ, यांना चांगला हात लागला की माणूस टेबलावरून उठताना वेगळाच दिसतो. ते मी रोज बघते. पण हात कधी लावायचा नाही हे ज्याला कळत नाही, त्याने कोणाला हात लावू नये. आता तुमच्यासारखे खूप झालेत. हिरव्या बाटलीच्या जागी मसाज गन आली, क्रेपच्या जागी निळी-गुलाबी टेप, आणि अनुभवाच्या जागी शनिवार-रविवारच्या कोर्सचं सर्टिफिकेट. माज तोच आहे.

मग तुम्ही आलात. मी तेव्हा घाटकोपरच्या एका मोठ्या सेंटरमध्ये नोकरी करत होते. पडदा सरकवला तर टेबलावर तुम्ही, सोबत बाई, तुमच्या मिसेस. केस पांढरे, मान एका बाजूला धरलेली, खांद्याचा स्नायू दगडासारखा. ओळखलंत लगेच. रिसेप्शनवर सांगूनही झालं होतं, "ही माझी विद्यार्थिनी. हिला मीच घडवली." मी तुम्हाला पालथं झोपवलं आणि मानेच्या बुडाशी अंगठा ठेवला. अजून दाबलाही नव्हता. तुम्ही ओरडलात, "आई गं! मेलो!" पलीकडच्या टेबलावरचा पेशंट पडदा बाजूला करून बघायला लागला. बाई हसून म्हणाल्या, "अगं, हे पहिल्यापासून असेच. साधं इंजेक्शन म्हटलं तरी घाम फुटतो यांना." पहिल्यापासून! तीस-तीस मुलींना बटाटे म्हणणारा माणूस घरी इंजेक्शनला घाबरत होता. त्या क्षणी मला तुमची कीव यायला हवी होती. आली नाही, किळस आली. मी म्हटलं, "श्वास सोडा. दुखलं तर सांगा, मी थांबेन." हे वाक्य मी प्रत्येक पेशंटला म्हणते. तुम्ही दर मिनिटाला सांगत होता आणि मी दर वेळी थांबत होते.

तुम्ही सहा वेळा आलात. दर वेळी मंडळाच्या गप्पा, कोण कुठे नोकरीला लागली, कोणाला छत्रपती पुरस्कार मिळता मिळता राहिला. माझ्या निवडीच्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. सहाव्या दिवशी मी स्टुलावरून उठताना टेबलाला धरून उठले, तशी मी नेहमीच उठते, आणि ते तुम्हाला दिसलं.

"गुडघा का गं?" तुम्ही विचारलंत.

"हो सर."

"थंडीत त्रास देत असेल."

"मुंबईत थंडी कुठे असते, सर."

तुम्ही शर्टाची बटणं लावत होता. एक बटण लावलंत, दुसरं लावलंत. मी टॉवेलची घडी घालत उभी होते, घडी झाली तरी घालत होते. मग तुम्ही म्हणालात, "तेल लावत जा. आळस करू नकोस." आणि गेलात. बाईंनी दारातून वळून हात हलवला. तुम्ही वळला नाहीत.

त्याच वर्षी तुम्ही गेलात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हार घातलेला फोटो आला आणि खाली ओळीने सगळ्यांचं, सरांच्या हातात जादू होती, असे सर पुन्हा होणे नाही. ज्या मुलीला माझ्या गुडघ्याचा आवाज ऐकू आला होता, तिनेही तेच लिहिलं. मी ग्रुप सोडला. शोकसभेला गेले नाही. कोणी कारण विचारलं नाही, कारण ते विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

जिन्यावर पावलं वाजतायत, चारचा पेशंट आला वाटतं. हे कागद कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. बाईही आता नाहीत, आणि असत्या तरी त्यांना हे वाचायला लावलं नसतं. पेशंटच्या केसपेपरांमागे लिहिलंय, फाडून टाकेन. फक्त एक गोष्ट तुमच्या फाइलमध्ये मी खोटी लिहिली होती. तुमची मान चौथ्याच दिवशी पूर्ण सुटली होती. तुम्हाला घरी करायचे व्यायाम देऊन मोकळं करायला हवं होतं. पाचव्या आणि सहाव्या दिवसाची काहीही गरज नव्हती. "थोडा आखडलेपणा शिल्लक" असं लिहून मी तुम्हाला परत बोलावलं. मला वाटलं होतं, अजून एक-दोनदा आलात, तर कदाचित बोलाल.